तुमचा मसाला मी बदलवला

बाबा, आधीच सांगून ठेवते, लिहिण्यात चुका राहतीन. मोबाइलवर लिहून राहिली, एका आंगठ्यानं, अन् तो बी काल कढईले लागून पोळलेला, म्हून एक एक अक्षर शोधत जाते. ऱ्हस्व-दीर्घ मले शाळेत बी कधी जमलं नाही. हा मोबाइल अर्धा शब्द लिहिला का पुढचा सोताच टाकते, मी 'मसाला' लिहाले जाते तं हा 'मसाज' म्हनते. तुमी असते तं पोट धरून हसले असते. तुमाले जाऊन सात वर्षं झाले, मी आता अठराची आहे. इतक्या दिवसात तुमाले काही लिहिलं नाही कारन सांगाले काही नव्हतंच. आता आहे. मायले बी शुगर निघाली, तुमाले होती तेच. अन् मी तुमचा मसाला बदलवला. ह्या दोन गोष्टी एकमेकीत गुतलेल्या आहेत म्हून दोन्ही बराबरच सांगते. पूरं ऐकून घ्या, मधातच रागावू नका.

तुमी मले आठवता ते घरातले नाही, भट्टीजवळचे. डोक्याले गमछा, पायजमा घोट्याच्या वर दुमडलेला, हातात मानसाएवढा झारा. लगन कोनाचं बी असो, मांडवाच्या मांगं जिथं आचारी बसतात तीच आपली जागा. सुट्ट्या असल्या का तुमी मले संगं न्याचे. एकोडीच्या त्या लगनाले आपन मेटॅडोरमधी भांड्याच्या ढिगावर बसून गेलो होतो, भाताचं मोठं गंज-पातेलं आंगावर घसरू नये म्हून मी त्याले पायानं अडवून धरलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असन. तुमी कढईत धने टाकले अन् मले म्हनले, "पाह्य, रंग बदलला का आवाज दे," अन् लाकडं पाहाले निघून गेले. रंग बदलला. मले दिसून राहिला. पन आजूबाजूले पाच-सहा मानसं वांगे चिरत बसले होते, सगळे अनोळखी, अन् माह्या गळ्यातून आवाज निघेना. धने तपकिरी झाले, मंग काळे झाले, मी झारा धरून उभी. तुमाले आधी वास पोहोचला. धावत आले अन् म्हनले, "तुले तोंड देलं आहे का नाही देवानं? जळून राह्यलं तं जळून राह्यलं म्हनाव! इथं का तुह्या सासरचे बसले आहेत का?" सगळे हसले. एक बुडा म्हनला, "राहू द्या गा महाराज, पोट्टी लाजते." तुमी म्हनले, "लाजनारीच्या हातचं कोन खाते?" तुमी ते धने सगळे फेकले अन् नवे भाजले. मी भांड्याच्या मांगं जाऊन बसली. मंग पंगत बसाच्या आधीच तुमी मले हाक मारली, पत्रावळीवर वांग्याची भाजी अन् भात वाढला, अन् सोता बी तिथंच उकिडवे बसले. भाताचा डोंगर, मधात खड्डा, खड्ड्यात रस्सा. तुमचं ते जेवन मले अजून तसंच दिसते. तुमी भात खात नव्हते बाबा, भातात शेतात उतरल्यासारखे उतरत होते.

त्याच्या पुढच्या बाजारी तुमी अड्याळहून मले लोखंडाचा लहान खलबत्ता आनून देला. रागावल्याबद्दल काही बोलले नाही, खलबत्ताच चुलीजवळ ठेवला अन् म्हनले, "मिक्सर मसाल्याले दटावते, बत्ता समजावून सांगते." तो माह्या हातात मावन एवढाच होता. मसाला तुमी मले एकदाच सांगतला, लिहून नाही, मुठीनं. धने चार मुठी. जिरं एक. सुकलेल्या मिरच्या ओंजळभर, त्यातल्या अर्ध्या बी काढून. मंग खोबरं, दगडफूल, कलमी, लवंग, मिरे, तेजपान, अन् शेवटी मूठभर तांदूळ, गुलाबी भाजून, मसाला मोकळा राहावा अन् रस्सा घट्ट यावा म्हून. तुमची मूठ मोठी अन् माही लहान, म्हून तुमी म्हनले, तू तुह्या मुठीनं घे, सगळंच लहान होईन, चव तेवढीच राह्यन. मी अजून बी मुठीनंच घेते. आता मूठ मोठी झाली.

तुमच्या पायाचं मी जास्त लिहीत नाही. भट्टीतला निखारा आंगठ्यावर पडला अन् तुमाले कळलंच नाही, मायले सांजच्याले मोज्यावर डाग दिसला. तवापासून दवाखाना, पट्ट्या, अन् डॉक्टर म्हनले भात कमी करा, तं तुमी त्याईच्या तोंडावर हसून म्हनले, "साहेब, भात सोडला तं मानूस जेवला कुठं?" डॉक्टर बी हसले. सगळे हसले. मी बी हसली होती, अकरा वर्षांची होती, मले वाटलं तुमी जिंकले.

तुमच्या मांगं मी नववीपर्यंत गेली शाळेत. कोनी हाकललं नाही, मीच गेली नाही. सर उभं करून धडा वाचाले लावत अन् माह्या तोंडातून हवाच निघे, मुलं हसत नव्हते तरी मले वाटे हसून राहिले. एक दिवस दप्तर भरलं अन् परत खुंटीले टांगलं. माय लय बोलली. "घरात बसून का करशील?" म्हनली. मी म्हनलं, "मसाला कुटन." ती बिड्या वळाचं सूप घेऊन शेजारी निघून गेली. तिले वाटलं दोन दिवसाचं खूळ आहे. पन मी खरंच कुटला. गल्लीतल्या बाया घेऊन जातात, कोनी लगनाले सांगते, कोनी लेकीच्या घरी पाठवते. बोला लागत नाही, डबा उघडला का मसालाच बोलते.

तं मायचं असं झालं. तेंदूपान कापता कापता तिच्या बोटाले कैची लागली अन् जखम भरेचना. तालुक्याच्या दवाखान्यात गेली तं त्याईनं रक्त पाह्यलं. घरी येऊन मले म्हनली, "काही नाही, मलम देलं." अन् तो कागद तिनं कुठं लपवला माहीत आहे? तांदळाच्या कोठीत. तिले वाटलं इथं कोन पाह्यन. आता भात मांडनारी मीच, तांदूळ काढाले हात घातला तं कागद हातात. वाचला. 'साखर' वाचलं अन् मले तुमचा मोजाच दिसला.

"माय, आजपासून भात बंद."

"अन् खाऊ का? तुहं डोस्कं?"

"भाजी खा, अंडे खा, दाळ खा थोडी."

"भाजी कायच्यासंगं खाऊ? बोटासंगं?"

तिचं बी बरोबर होतं. आपल्या इकडं चारी बाजूनं धानच धान, सकाळी भात, दुपारी भात, सांजी भात. कोनी जेवला का विचारलं अन् पोळी खाल्ली असन तं मानूस म्हनते, "जेवलो नाही, पोळी खाल्ली." मी मोबाइलवर पाह्यलं. हिंदी व्हिडिओवाल्या बायाईचा एक इंग्रजी शब्द आहे, 'लो कार्ब'. म्हनजे भात, पोळी, साखर, आलू हे कमी, अन् बाकीचं खा. त्या बाया मोठाल्या ओट्यावर उभ्या राहून बदाम दाखवतात, चीज दाखवतात, एक हिरवं फळ दाखवतात त्याचं नाव मले अजून घेता येत नाही. आपल्या बाजारात ते कुठं? मी मोबाइल बंद केला अन् आपल्याच बाजारात फिरली. कोहळ्याच्या बिया लोक फेकून देतात, त्या धुऊन वाळवल्या. सोयाबीन रातभर भिजवून, कापडावर कोरडं करून, मंद आचेवर भाजलं, ते कडक अन् खुसखुशीत होते. जवस, तीळ, फल्लीदाने. तलावातले झिंगे, सुकलेले, काटे-डोकं काढून तव्यावर. उकडलेले अंडे, चार भाग करून. दोडक्याचे साल बी सोडले नाही.

पन एक गोष्ट त्या व्हिडिओवाल्या बाया सांगत नाहीत ती मले इथं समजली. भात असला का तोंड सोताच भरते, भाजी कशी बी असो. भात काढला का सगळं काम मसाल्यालेच करा लागते. फिकं सोयाबीन कोन खाईन? म्हून मी तीन मसाले बसवले. एक जवस-लसनाचा, त्यात लाल मिरची अन् मीठ. एक गोडनिंबाचा, फोडनीतला तो पाला सावलीत वाळवलेला, संगं जिरं अन् आमचूर. अन् तिसरा तुमचा, जसाच्या तसा, तुमच्या मापानं. मायले तुमचाच आवडे. बिड्या वळाले जाताना लहान डब्यात घेऊन जाये. म्हने, "तिथं दुपारी बियांवर टाकते." मले लय बरं वाटे. मी मनात म्हने, बाबाचा मसाला मायले वाचवून राह्यला.

तीन महिन्यांनी परत रक्त पाह्यलं. कमी तं झालीच नाही, वाढली. नर्सबाईनं विचारलं, "मावशी, भात सोडला का?" माय म्हनली, "शीत नाही गेलं पोटात, लेकीले विचारा." नर्सबाईनं माह्याकडं पाह्यलं. मले म्हनाचं होतं का हाव, खरं आहे, मीच रांधते, मी साक्षी आहे. मी नुसती मुंडी हलवली. त्याईनं गोळी वाढवली. घरी येताना माय टेम्पोत खिडकीकडं तोंड करून बसली अन् मी तिच्या पायाकडं पाहात बसली, चपलेतून दिसनाऱ्या बोटाईकडं. माहाच खाऊ बेकार आहे असं वाटलं. शिकलेल्या बाया सांगतात ते मी अर्धवट ऐकून करून राहिली, अन् माय माह्या भरवशावर बसली आहे. असं चाललं तं काय होते ते मी एकदा पाह्यलं होतं.

चार-पाच दिवसांनी माय तिचा चष्मा घरी विसरली. मी तो द्याले दुपारी शेजारच्या मावशीच्या घरी गेली. त्याईच्या पडवीत चार बाया बसतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू अन् पानं. पन त्या येळी हात धुऊन सगळ्या एका मोठ्या सुपाभोवती बसल्या होत्या. सुपात मुरमुऱ्याचा ढीग. वरून तेल, कांदा, सांबाराचा हिरवा पाला, अन् माह्या डब्यातला तुमचा मसाला, सगळा लाल लाल.

मावशी म्हनली, "आवो ये व पोरी, बस. तुह्या मसाल्यानं तं आमाले येड लावलं. आता बिना मसाल्याचे मुरमुरे घशाखाली उतरत नाहीत."

मी मायकडं पाह्यलं. "माय, हे का?"

"का म्हनजे? मुरमुरे."

"कायचे होतात मुरमुरे?"

"कायचे का? भट्टीतले."

"तांदळाचे होतात माय! तांदूळ आहे हा!"

"हट्! भात थोडीच आहे हा. हवा आहे हवा. सूपभर खाल्ले तरी पोट रिकामंच. मी सांगतलं ना, शीत नाही गेलं पोटात."

"नाही तं का," मावशी म्हनली, "अन् पेज बी भात नोहे, ते तं पानी आहे."

"कोनती पेज?"

मायनं मावशीकडं असं पाह्यलं का तेंदूपान वाळून जाईन. "तुले कोन बोलाले सांगतलं व?"

म्हनजे सकाळी मावशीच्या घरी भाताची पेज, मीठ टाकून, वाटीभर. दुपारी मुरमुरे. अन् घरी येऊन माह्यासमोर भाताच्या गंजाकडं पाठ करून बसाचं, उपास धरल्यासारखं. मले सांगता येत नाही मले काय झालं. मी ओरडली. "तीन महिने! तीन महिने मी बिया सोलून राहिली, तुही शुगर वाढून राहिली, अन् तू इथं सूपभर तांदूळ खाऊन राहिली! तुले बाबासारखं जाचं आहे का?" माह्या आवाजानं मीच दचकली. कोंबड्या पडवीतून बाहेर पळाल्या. चारी बायाईचे हात सुपावरच थांबले. इतक्या मानसात मी आयुष्यात बोलली नव्हती बाबा, अन् पह्यल्यांदा बोलली तं मायवरच.

मायनं हाताचे मुरमुरे सुपात झटकले. मंग तिनं डबा उचलला अन् माह्यासमोर धरला. "माह्यावर कायले ओरडते? तुह्या बापाच्या ह्या मसाल्यात तू का टाकते? मूठभर तांदूळ भाजून नाही टाकत? मले का दिसत नाही का? तू टाकला तं तो मसाला, अन् मी खाल्ला तं तो भात?"

मी चष्मा तिच्याजवळ ठेवला अन् घरी आली.

चुलीजवळ बसली अन् तुमचा मोठा डबा पुढ्यात घेतला. मूठभर तांदळानं एवढी शुगर वाढत नाही, एवढं मलेबी समजते. पूर्ण डब्यात एक मूठ, त्यातलं चमचाभर मायच्या वाट्याले. वाढली ती पेजेनं अन् मुरमुऱ्यानं. पन माय खोटं बोलली नव्हती, हे मले तिथं बसून समजलं. तिच्या हिशोबानं तिनं भात सोडलाच होता. अन् मीबी तेच केलं होतं. हजारदा हातानं तांदूळ भाजला, कुटला, अन् एकदाबी मनात आलं नाही का हा तांदूळ आहे. ते तुमचं होतं म्हून. तुमचं म्हनजे बरोबरच असन असं धरून बसली होती. मले तुमच्यावर राग आला, खरं सांगते, सात वर्षात पह्यल्यांदा. तुमी हसले होते त्या डॉक्टरसमोर. तुमी हसले म्हून माय बी भात सोडनं म्हनजे मस्करीच समजते. पन मंग असं बी वाटलं का तुमाले दोनशे मानसाचा रस्सा एका मसाल्यात उभा करा लागे, पानी वाढलं तरी घट्ट दिसला पाहिजे, त्याले तांदूळच पाहिजे होता. तुमच्या कढईले तो बरोबर होता. मायच्या डब्याले बरोबर नाही. एवढी गोष्ट आहे. हे मी आता तुमच्यासमोर बी म्हनू शकते, झारा हातात घेऊन उभे असले तरी.

मंग मी बसली बदलवाले. पह्यल्यांदा तांदळाच्या जागी जवस टाकला, भाजून, बारीक कुटून. दुसऱ्या दिवशी मसाल्याचा गोळा झाला, जवसानं तेल सोडलं होतं. दुसऱ्यांदा तीळ टाकला, तो बी चिकटला, अन् चव गोड झाली. तिसऱ्यांदा खोबरं कमी केलं तं मसाला उग्र झाला, मायनं चाखला अन् म्हनली, "हा तं भांडाले उठते." बोलत होती ती माह्यासंगं, रुसली नव्हती, पन मुरमुऱ्याचं नाव दोघी बी काढत नव्हतो. चौथ्या येळी मले समजलं का चूक वस्तूत नाही, कुटण्यात आहे. जवस सगळ्याच्या शेवटी टाकाचा, पूर्ण थंड झाल्यावर, अन् दहा-बारा ठोकेच द्याचे, बस. अर्धा दाना फुटला पाहिजे, अर्धा राह्यला पाहिजे. मंग तेल सुटत नाही. अन् मोकळा राहाले गोडनिंबाचा कडक वाळलेला पाला, हातानं चुरून, कुटून नाही. तो ओल पिऊन घेते. डबा हलवला तं मसाला वाळूसारखा सरकला. तुमच्यापेक्षा रंग थोडा काळा आहे. वास जास्त आहे. अन् सांगू का, अंड्यावर तुमच्यापेक्षा हा चांगला लागते. रस्स्यात तुमचाच चांगला, ते मी मानते.

मी सोयाबीन, कोहळ्याच्या बिया, थोडे फल्लीदाने हे सगळं कढईत गरम केलं, वरून हा मसाला, लिंबू, कांदा, सांबार, अन् सरळ मावशीच्या पडवीत नेलं, मोठ्या सुपात ओतलं. मावशी म्हनली, "हे का व, पाखराचा चारा?" मी म्हनलं, "खाऊन तं पाहा, पंख फुटले तं मले सांगा." बाया हसल्या. मलेच नवल वाटलं मी असं बोलली म्हून. मायनं पह्यली मूठ घेतली. चावली, चावली, म्हनली, "दात असनाऱ्याचं काम आहे." मंग दुसरी घेतली. अन् म्हनली, "मुरमुरे सोडते. पेज बी सोडते. पन पुढच्या येळी दवाखान्यात मी नाही बोलनार. तू बोलशील. पडवीत ओरडाले येते, तिथं का तोंडाले कुलूप लागते?"

मी लय टाळलं, पन माय आयकते का? त्या दिवशी डॉक्टरीनबाई होत्या, समोर बाकावर दहा-बारा बाया रांगेत. त्याईनं विचारलं, "आहार कसा आहे?" माय वर छताकडं पाहात बसली, जशी तिले बोलताच येत नाही. माहे कान तापले. पन मी बोलली. मी म्हनलं, "म्याडम, तुमी 'भात कमी करा' सांगता नं, तं ह्या भातच कमी करतात. मुरमुरे खातात, पेज पितात, पोहे खातात, लाह्या खातात. त्याईले तो तांदूळ वाटतच नाही. तुमी एकेकाचं नाव घेऊन सांगा." डॉक्टरीनबाई पेन थांबवून माह्याकडं पाहात राह्यल्या. मंग मायले विचारलं, "मावशी, तुमी पेज पीत होत्या?" माय म्हनली, "पानी समजून." मांगच्या बाकावरून एक बाई म्हनली, "बाप्पा, मंग पोहे बी नाही चालत का?" दुसरी म्हनली, "अन् मुठ्ये?" अन् पूर्ण रांग विचाराले लागली, लाह्या, अनारसे, घावन. डॉक्टरीनबाई नर्सबाईले म्हनल्या, कागद आना, अन् मी सांगत गेली, नर्सबाई मोठ्या अक्षरात लिहीत गेल्या. तो कागद आता त्या भिंतीवर चिकटवलेला आहे. त्यात 'पेज' सगळ्यात वर आहे.

त्याच्या पुढच्या येळी मायची शुगर उतरली. एकदम चांगली नाही, पन उतरली, अन् त्याच्या पुढं आनखी उतरली. गोळी चालूच आहे, डॉक्टरीनबाई म्हनल्या गोळी बंद कराची नाही, पन वाढवली बी नाही. आठवड्यातून दोन दिवस ती मूठभर भात खाते, खरोखरच्या मुठीएवढा, तेवढा त्याईनंच सांगतला. बोटाची जखम भरली. मी दररोज सांजच्याले तिचे पाय मांडीवर घेऊन तळवे पाहाते, बोटाच्या मधात बी. तिले गुदगुल्या होतात, ती मले लाथ मारते, अन् मले लय बरं वाटते, कारन लाथ मारते म्हनजे तिले समजून राह्यलं. तुमचे पाय असे कोनी पाह्यले नाहीत बाबा. आमाले माहीतच नव्हतं का पाहा लागतात.

हे मी कोनाले पाठवनार? तुमचा नंबर मी काढला नाही मोबाइलमधून, पन तो आता दुसऱ्याच कोनाचा आहे, एकदा लावून पाह्यला होता, एक मानूस 'बोला' म्हनला अन् मी ठेवून देला. म्हून हे इथंच राह्यन. एकच सांगाचं राह्यलं, ते बी सांगून टाकते. नवा मसाला मी बायाईले देते तं अजून बी 'बाबाचा मसाला' म्हनूनच देते. त्यात तांदूळ नाही, जवस मी बसवला, ठोके मी मोजले, तो तुमचा राह्यला नाही हे मले माहीत आहे. पन माहा म्हनाले जीभ वळत नाही. दवाखान्यात बोलता आलं, हे नाही येत. मावशीले सोमवारी दोन डबे द्याचे आहेत, तिची लेक नेनार आहे. एक तरी माहा म्हनून देईन. दुसरा तुमच्या नावानंच जाऊ द्या.

आवो बाबा, माय बाहेरून आवाज देऊन राह्यली, समोरच्या घरच्या बकरीले पिल्लं झाले. दोन झाले म्हून सगळे उठून गेले होते, अन् आता तिसरं निघालं, पूरं पांढरं.